घरच्या सर्व्हरवर फोटो आहेत, पण बॅकअप कुठे आहे?

गुगलचं फुकटातलं १५ जीबी भरलं की बरेच जण जुन्या लॅपटॉपवर नाहीतर रास्पबेरी पायवर 'इमिच' टाकतात. मीही तेच वापरतो. फोनमधले फोटो आपोआप घरच्या डिस्कवर जातात, दर महिन्याचे पैसे वाचतात. मग जागा करायला फोनमधले फोटो उडवले जातात, आणि तिथेच गडबड होते. आता त्या फोटोंची एकच प्रत उरली.

"अरे, दोन डिस्क लावल्यात, रेड केलंय!" हे उत्तर नेहमी ऐकू येतं. रेड १ मध्ये दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं. एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, उपयोग एवढाच. चुकून फोल्डर डिलीट केलंत तर ते दोन्हीकडून जाणार. चोराने डबा उचलला तर दोन्ही डिस्क त्यातच.

म्हणून ३-२-१ चा नियम, जो फोटोग्राफर पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झाला: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे क्लाउडच असं नाही. मी दोन यूएसबी डिस्क ठेवतो. एक घरी, एक गावी. गणपतीला, दिवाळीला गेलो की अदलाबदल. बॅकअप 'रेस्टिक'ने घेतो. ते सगळं एन्क्रिप्ट करतं, त्यामुळे डिस्क हरवली तरी फोटो कुणाला दिसत नाहीत. मात्र पासवर्ड विसरलात तर तुम्हालाही दिसणार नाहीत! तो वहीत लिहा, नुसता सर्व्हरवर नको.

आणि फक्त फोटोंचं फोल्डर कॉपी करून भागत नाही. अल्बम, ओळखलेले चेहरे हे सगळं पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असतं. चालू डेटाबेसच्या फाइल्स तशाच उचलल्या तर प्रत अर्धवट निघू शकते. डंपच घ्यावा लागतो. इमिच तो रोज रात्री स्वतः काढतं, पण ठेवतं आपल्याच फोल्डरमध्ये. तो फोटोंसोबत बाहेरच्या डिस्कवर गेलाच पाहिजे.

बॅकअप परत उघडतो का, हे मात्र बहुतेक जण बघत नाहीत. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅबचा मुख्य डेटाबेस चुकून डिलीट झाला, तेव्हा त्यांच्या बॅकअपच्या नेहमीच्या पद्धती ऐनवेळी कामी आल्या नाहीत. सहा तास जुन्या प्रतीवर निभावलं. मी महिन्यातून एकदा कुठलेही दहा फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून उघडतो. वर्षातून दोनदा डंप दुसऱ्या लॅपटॉपवर चढवून अल्बम दिसतात का तेही बघतो. एका दुपारचं काम आहे.