मागच्या सीटखाली दडलेली गाडी

जुनी स्पोर्ट्‌स कार बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो. मग स्टिअरिंगवर बसतो, डॅशबोर्डवरचे काटे न्याहाळतो, रंगावरून हात फिरवतो. मागच्या सीटकडे फारसं कोणी बघत नाही. अशा गाडीत ती असतेच मुळी नावापुरती; पोरं नाहीतर पिशव्या मावतील एवढी. पण गाडी आजवर कशी राखली गेली आणि पुढे किती टिकेल, हे सांगणाऱ्या खुणा तिथेच असतात. पाणी मागे साठतं, धूळ मागे बसते, उंदीर मागे घर करतात, आणि दुरुस्तीचे पैसेही बहुतेकदा मागे पोचण्याआधीच संपतात. म्हणून अशा गाडीचं काम मागच्या अंतर्भागापासून सुरू करावं, आणि तेही कापड निवडण्याआधी पत्रा तपासून.

जुनी वाहनं जपणं अहिल्यानगरला नवं नाही. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथे वाहननगरात आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथलंच. १९९४ साली उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार आहे, पॅटन आहेत, आपला विजयंता आहे. शहराच्या उत्तरेला पिंपळगाव माळवीजवळ मेहेराझादला एक निळी बस जपलेली आहे. १९३८-३९ मध्ये मेहेरबाबांनी शिष्यांना घेऊन याच बसने देशात लांबलांबचे प्रवास केले. पुढे तिचं धावणं थांबलं, पण बॉडी राहिली, आणि १९४९ च्या एकांतवासात बाबांनी त्या बॉडीचाच खोलीसारखा उपयोग केला. इंजिन आणि चाकं गेल्यावरही लोक जिच्यापाशी थांबतात ती आतली, माणसांनी बसण्या-उठण्याची जागा. गाडीच्या अंतर्भागाची किंमत यापेक्षा वेगळी सांगायला नको.

हेराल्ड : घरातली स्पोर्ट्‌स कार

आपल्या रस्त्यांवर परदेशी स्पोर्ट्‌स कार नेहमीच मोजक्या होत्या. गोव्यात वेर्ण्याला ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबर बॉडीची छोटी स्पोर्ट्‌स कार बनली, पण ती दोनच सीटची. मागची सीट असलेली, तरीही स्पोर्ट्‌स कारच्या रक्ताची गाडी म्हणून आपल्याकडे नाव घ्यावं ते दोन दारांच्या स्टँडर्ड हेराल्डचं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌स ऑफ इंडिया या कंपनीने ती १९६१ पासून बनवली. तिचं मूळ म्हणजे १९५९ ची ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्ड. इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी तिचं रूप रेखाटलं. याच हेराल्डची चासी आखूड करून १९६२ साली ‘स्पिटफायर’ ही स्पोर्ट्‌स कार निघाली, आणि तिचाही रेखाटनकार मिकेलोत्तीच.

या गाडीची चासी वेगळी आणि बॉडी तुकड्यातुकड्यांची, बोल्टने जोडलेली. छतसुद्धा बोल्टने बसवलेलं. त्यामुळे काम सोपं होतं, पण प्रत्येक जोडात एक सील असतं आणि प्रत्येक सील कधीतरी सुकतं. मागच्या चाकांना एकच आडवा पाट्यांचा संच आहे. मागची सीट आणि तिच्याखालचं झाकण काढलं की त्या पाट्यांचे नट हाताला येतात. म्हणजे इथे कुशनचं काम आणि मेकॅनिकचं काम वेगळं काढता येत नाही. सीट एकदा निघाली की पाटे, बुश आणि नट तेव्हाच तपासून घ्यावेत. नवं कव्हर शिवून झाल्यावर पुन्हा सगळं उचकटण्यात अर्थ नाही.

पाणी कुठून येतं

आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, इथे गाडी कशाला गंजेल, असं अनेकांना वाटतं. पण अकोले तालुक्याच्या पश्चिमेला घाटघर-रतनवाडी पट्ट्यात राज्यातला अतिशय जोराचा पाऊस पडतो, आणि कर्जत-जामखेडकडे उन्हाचा तडाखा. मागच्या अंतर्भागाचे शत्रू हे दोन्ही. आधी ऊन मागच्या काचेचं रबर कडक करतं. त्याला चिरा पडल्या की पावसाळ्यात, नाहीतर धुताना, पाणी काचेखालच्या फळीवर उतरतं. तिथून ते सीटच्या पाठीमागे, चाकावरच्या घुमटांच्या कडेला आणि शेवटी फरशीच्या खोलगट भागात जातं. गालिच्याखालचा नमदा ते पाणी धरून ठेवतो. वरून गालिचा कोरडा लागतो आणि खाली पत्रा महिनोन्‌महिने ओला राहतो. गंज आतून बाहेर येतो तो असा.

उन्हाचं दुसरं काम रेक्झिनवर चालतं. रेक्झिन मऊ राहतं ते त्यातल्या विशिष्ट द्रव्यांमुळे. उष्णतेने ती हळूहळू उडून जातात, रेक्झिन ताठरतं आणि शिलाईच्या कडेने फाटतं. जुना फोम हवेने आणि दमटपणाने भुगा होतो. दारामागच्या बाजूच्या पॅडना आत हार्डबोर्ड असतो. तो एकदा भिजला की फुगतो आणि पुन्हा सरळ होत नाही.

म्हणून पहिलं काम पाण्याची वाट शोधण्याचं. गालिचा आणि सीट बाहेर काढून एकाने आत बसावं, दुसऱ्याने काचेच्या कडेवर, छताच्या जोडावर आणि डिकीच्या रबरावर बारीक धारेने पाणी सोडावं. एका वेळी एकच जागा. गळती सापडून बंद होईपर्यंत आतलं कुठलंही नवं सामान बसवू नये.

उचकटताना काय जपायचं

जुनं काढताना सगळ्यात मोठं नुकसान होतं ते घाईने. फाटकं कव्हर, तुटका हार्डबोर्ड, सडलेला गालिचा हेच पुढच्या कामाचे नमुने असतात. शिवणी उसवून प्रत्येक तुकडा सपाट करावा, त्यावर डावा-उजवा आणि पुढचा-मागचा लिहावं, पायपिंगची जाडी आणि एका इंचात किती टाके आहेत ते टिपावं. मागची सीट कमी वापरली जाते, त्यामुळे कारखान्याचे टाके तिथे टिकून असण्याची शक्यता जास्त. रेक्झिनचा मूळ रंग बघायचा तर सीटच्या खालच्या बाजूला दुमडलेली पट्टी उलगडावी. तिथे ऊन कधी पोचलेलंच नसतं.

आतलं भरणही वाचण्यासारखं असतं. स्प्रिंगा, त्यावर तरट, मग काथ्या, मग कापूस आणि वर रेक्झिन, अशी जुनी रचना. त्या जागी नुसता फोमचा ठोकळा टाकला तर सीट उंच आणि गोलमटोल होते, गाडीचा घाट बिघडतो. स्प्रिंग शाबूत असेल तर ती साफ करून रंगवून परत वापरावी. काथ्यात उंदराचं घरटं सापडलं तर तो टाकूनच द्यावा, आणि शेजारून मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या वायरी कुरतडल्या आहेत का ते लगेच बघावं. गालिच्याखालची उघडी वायर म्हणजे आगीला निमंत्रण.

पत्र्याच्या कामात दोन नियम मोडू नयेत. पहिला, मागे वेल्डिंग करायचं असेल तर पेट्रोलची टाकी गाडीतून पूर्ण काढून लांब ठेवावी. हेराल्डची टाकी डिकीत असते. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पेट्रोलची वाफ भरलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. दुसरा, सीट आणि डिकी यांच्यातला पडदा भोकं बुजवून नीट बसवावा. पेट्रोलचा वास आणि धुराचा विषारी वायू माणसांपर्यंत येऊ नये म्हणून तो असतो. सडलेला पत्रा कापून नवा जोडावा. एम-सील आणि पुट्टीने बुजवलेलं भोक खालून वाढतच राहतं. जिथे पत्रा भक्कम आहे, तिथे गंज घासून, गंजरोधक द्रावण लावून, प्रायमर आणि रंग द्यावा. बंद पोकळ्यांत मेणाचा फवारा मारावा. या सगळ्यानंतर कुशनवाल्याकडे जावं.

मूळ रूप आणि कायदा

मूळ रूप जपण्याला आता कायद्याचाही आधार आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नोंदणीची मुदत १० वर्षं आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी धंद्यासाठी चालवता येत नाही. आवडीखातर मागचा सांगाडा कापून मोठे स्पीकर बसवणाऱ्याने हा नियम आधी वाचावा. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली तुरिनची सनदही हेच सांगते : जे टिकवता येईल ते टिकवा, बदलावं लागेल तेवढंच बदला, आणि बदललेल्याची नोंद ठेवा.

ही नोंद ठेवायला फोन पुरेसा आहे. प्रत्येक थराचा फोटो, काढलेल्या तुकड्यांचे नमुने आणि बिलं एका फाइलमध्ये राहिली, तर पुढच्या मालकाला आणि पुढच्या कारागिरालाही अंदाजाने काम करावं लागणार नाही.

हे काम करणारे हात शोधायला लांब जावं लागत नाही. पुणे आणि मनमाड रस्त्यांवर ट्रक-ट्रॅक्टरच्या गाद्या शिवणारे कुशनवाले आहेत, पत्राकाम करणारे आहेत. त्यांच्या हातात कसब आहे; उणीव असते ती नमुन्याची आणि वेळेची. नमुना मालकाने जपून द्यायचा आणि वेळेचे पैसे मोजायचे. गळती शोधण्याचे, शिवणी उसवण्याचे, गंज घासण्याचे तास गाडी उभी राहिल्यावर कुठेच दिसत नाहीत, म्हणून घासाघीस नेमकी त्यांच्यावरच होते. गाडी पुढची पन्नास वर्षं टिकते ती मात्र याच तासांवर. जुनी गाडी राखायची इच्छा असेल त्याने बिलातली ही ओळ आधी मान्य करावी आणि मग रेक्झिनचा रंग निवडायला बसावं.