राग येणे आणि राग आवरणे : एका जपानी कथाभागाच्या निमित्ताने

'त्याला राग आला' आणि 'त्याने राग आवरला' ही दोन वाक्ये शेजारी ठेवली असता मराठीची एक लक्षणीय प्रवृत्ती ध्यानात येते. पहिल्या वाक्यात कर्ता 'राग' असून मनुष्य चतुर्थीत उभा आहे. दुसऱ्यात मनुष्य तृतीयान्त कर्ता झाला असून राग हे कर्म बनले आहे. नंदुरबारकडील अहिराणीतही 'त्याले राग उना' अशीच रचना आढळते. 'तो रागावला' यांसारखी रूपे आहेतच. तथापि सामान्यतः भावना येते, संयम मात्र करावा लागतो.

तिसरी रचना याहून विलक्षण आहे : 'त्याच्या अंगात आले.' येथे काय आले ते सांगितलेलेच नाही. क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात राहते आणि मनुष्य केवळ अधिष्ठान उरतो.

या तीन रचनांचा प्रत्यय 'मॉब सायको १००' या २०१६ सालच्या जपानी ॲनिमे मालिकेच्या पाचव्या भागात येतो. शिगेओ ऊर्फ मॉब हा शाळकरी मुलगा अलौकिक शक्तीचा धनी आहे. पण ती माणसावर वापरावयाची नाही, ही गुरूची शिकवण तो पाळतो. 'मॉब' म्हणजे जपानी वापरात गर्दीतले बिनमहत्त्वाचे पात्र. त्याच्या दडपलेल्या भावनांचे शेकडा प्रमाण पडद्यावर अंकांनी दाखविले जाते व शंभर भरताच त्या भावनेचा स्फोट होतो. तेरुकी नावाचा तसाच शक्तिमान मुलगा त्याला डिवचतो, मारतो, तरी तो प्रतिकार करीत नाही. अखेर गळा आवळल्याने त्याची शुद्ध हरपते आणि पडद्यावर अंकाच्या जागी तीन प्रश्नचिन्हे उमटतात. शाळा उद्ध्वस्त होते. हीच ती 'अंगात आले' अवस्था : शक्ती आहे, कर्ता नाही.

सामान्य प्रेक्षक या स्फोटालाच नायकाचा उत्कर्ष समजेल. परंतु शुद्धीवर आल्यावर आपल्या हातून काय घडले हे पाहून मॉबला दुःख होते, त्या दुःखाचे प्रमाण शंभरावर जाते आणि तो मोडलेली शाळा पुन्हा उभी करतो. भावनेला नाव मिळते. पाठोपाठ मनुष्य कर्तेपदी परततो. खरा उत्कर्ष येथे आहे.

नंदुरबारच्या वाचकास याचे नवल वाटू नये. ९ सप्टेंबर १९४२ रोजी या गावी पोलिसांच्या गोळीबारात पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती धारातीर्थी पडले. ती घटना कल्पित नव्हे, आणि तीत अलौकिक असे काही नाही. ती आपण कोणत्या वाक्याने सांगतो? 'शिरीषकुमारला आवेश आला' असे नव्हे, तर 'शिरीषकुमारने झेंडा सोडला नाही' असे. क्रियापद नकारार्थी आहे, हात निःशस्त्र आहे. तरीही त्या वाक्यात कर्ता संपूर्ण आहे.

संयम म्हणजे शक्तीचा अभाव, हा समज म्हणूनच तपासून घेतला पाहिजे. व्याकरणाची साक्ष काढल्यास तो कर्तृत्वाचाच एक प्रकार ठरतो.