एक मिलिमीटरचं चिलखत

गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीनं १९८७ मध्ये 'वॉरहॅमर ४०,०००' हा खेळ आणला, तेव्हा त्यात सैनिक भरपूर होते, पण त्यांना बसायला गाड्या जवळजवळ नव्हत्याच. मग कंपनीच्याच 'व्हाइट ड्वार्फ' मासिकानं वाचकांना तरंगता रणगाडा घरी करायला शिकवलं. त्याचं धड म्हणजे डिओडरंटच्या कांडीची रिकामी डबी. टाकाऊतून टिकाऊ! पुढे कंपनी कारखान्यातले संच विकू लागली आणि असे धडे विरळ झाले. धंदा म्हटल्यावर ते व्हायचंच. पण डबीवर न थांबणारे हात तोवर पांढऱ्या स्टायरीन शीटकडे वळले होते, ते आजही तिथेच आहेत.

खेळ टेबलावरचा. साधारण २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक, मोजपट्टी, फासे आणि जाडजूड नियमपुस्तक. विकतचा संच जोडून रंगवणारे बहुसंख्य. पण काहींना जो रणगाडा हवा असतो तो कुठल्याच खोक्यात नसतो, किंवा असला तर परवडत नाही. बेनब्लेड या अवाढव्य रणगाड्याचा प्लॅस्टिक संच २००७ साली आला. त्याआधी महागडं रेझिन घ्या, नाहीतर शीट आणि पातं घेऊन बसा, असा मामला होता.

ही शीट या खेळानं शोधलेली नाही. ब्रिटनमध्ये ती रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांकडून आली. डर्बिशायरच्या स्लेटर्स कंपनीचं 'प्लॅस्टिकार्ड' हे व्यापारी नाव तिथं सगळ्याच शीटना चिकटलं. अमेरिकेत एव्हरग्रीन आणि प्लास्ट्रक्टच्या पट्ट्या, नळ्या, कोन चालतात. माल मात्र बहुतेक एकच, हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन, थोडक्यात हिप्स. सीडीची पारदर्शक डबी शुद्ध पॉलिस्टायरीनची असते आणि हातातून पडली की तडकते. या शीटमध्ये रबराचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात. ते तडा पुढे धावू देत नाहीत. म्हणून ती वाकते, पण पात्यानं आखलेल्या रेघेवर मात्र मुकाट्यानं तुटते.

कापण्याची सारी युक्ती त्या रेघेत आहे. स्टीलची पट्टी धरून पातं हलक्या हातानं एकदोनदा फिरवायचं आणि शीट रेघेवर मोडायची. आरपार कापायला गेलं की पातं पट्टीवर चढतं, आणि बोटावरही. पातं प्लॅस्टिक दोन्ही बाजूंना सारतं, त्यामुळे रेघेच्या काठावर बारीक उंचवटा उठतो. तो खरवडला नाही तर जोड कधीच सपाट बसत नाही. नवख्यांची ठरलेली चूक वेगळीच असते : एक मिलिमीटर जाडीच्या शीटची पेटी करताना आडव्या भिंतींच्या मापातून दोन मिलिमीटर वजा करायला विसरणं.

जोडकाम हा या कलेतला सर्वांत सुंदर भाग आहे, असं माझं मत. इथला गोंद खरं म्हणजे गोंद नसतोच. तो पाण्यासारखा पातळ द्रावक असतो. दोन तुकडे कोरडेच एकमेकांना टेकवायचे आणि ब्रशचं टोक फटीला लावायचं. केशाकर्षणानं द्राव सांध्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आपोआप पळतो. दोन्ही कडा विरघळतात, एकमेकींत मिसळतात, द्राव उडून जातो आणि उरतं एकसंध प्लॅस्टिक. कंपनीचे बरेचसे संचही पॉलिस्टायरीनचेच असल्यानं विकतच्या रणगाड्याला घरचा बुरूज असाच वितळून बसतो. धातू किंवा रेझिनच्या भागांना मात्र हा द्राव चालत नाही, तिथं सुपरग्लूच लागतो. मोठे थर एकावर एक चिकटवताना आत अडकलेला द्राव काही दिवसांनी शीट वाकवतो. जाणकार म्हणून आतल्या थराला भोकं पाडतात, बंद पेटीच्या तळाला एक छिद्र ठेवतात आणि पोटात फासळ्या उभ्या करतात.

मग येतो मापाचा प्रश्न, आणि इथं गणित व डोळा यांचं भांडण होतं. २८ मिलिमीटरचा सैनिक पावणेदोन मीटरचा माणूस धरला, तर एक मिलिमीटर शीट म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटर पोलाद. दुसऱ्या महायुद्धातल्या टायगर रणगाड्याचं पुढचं चिलखत दहा सेंटिमीटरचं होतं. इथं ते जेमतेम दीड मिलिमीटरच्या वर भरेल. पण या खेळातल्या सैनिकांचे पंजे, डोकी, बंदुका मुद्दाम फुगवलेल्या असतात. त्यांच्या शेजारी काटेकोर मापाचं चिलखत पत्र्याच्या डब्यासारखं दिसतं. चांगला कारागीर अशा वेळी गणित बाजूला ठेवतो. रिव्हेटही तसेच. बारीक स्टायरीन काडीच्या चकत्या कापायच्या आणि ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक उचलून बसवायच्या. काम कंटाळवाणं आहे, यात शंका नाही. पण रिव्हेट आले की पांढरा खोका एकदम वजनदार वाटू लागतो.

आता घरोघरी थ्रीडी प्रिंटर येत आहेत. गुंतागुंतीचे वळणदार भाग ते अधिक चांगले करतात, हे मान्य करायला हवं. सपाट भिंत, दार, उतरता पत्रा यांसाठी मात्र फाइल तयार होईपर्यंत शीटचं काम उरकलेलं असतं. एक अडचण खरी : कंपनीच्या स्वतःच्या स्पर्धांमध्ये तिचेच नमुने लागतात, त्यामुळे पूर्ण घरगुती रणगाडा मित्रांच्या टेबलावरच लढतो.

करून बघायचं असेल तर आर्किटेक्चरच्या मुलांचा सनबोर्ड घेऊ नका. तो फुगवलेला पीव्हीसी असतो, स्टायरीनसारखी तीक्ष्ण कड देत नाही. प्लॅस्टिकच्या दुकानात हिप्स शीट मागा, अर्धा आणि एक मिलिमीटरची. खिडकी उघडी ठेवा, कारण द्रावकाची वाफ वाईट आणि पेट घेणारी असते. पहिली गाडी या खेळातल्या ऑर्क टोळीची करा : त्यांची यंत्रं मुळातच भंगारातून ठोकलेली असतात, त्यामुळे वाकडा कापही त्यात खपून जातो.