कंसाबाहेरचा 40 कुणाकुणाला लागतो?

नेवासा तालुक्यातल्या घोडेगावच्या बाजारात 40 गोण्या कांदा गेला. गोणीला क रुपये मिळाले, गोणीमागे भाडं-हमाली मिळून 60 रुपये गेले असं धरू. हातात आले 40(क − 60). वहीत हाच कंस काढताना पुष्कळ मुलं 40क − 60 लिहितात. बाहेरचा आकडा फक्त पहिल्या पदाला गुणायचा, हा बीजगणितातला एक चिवट गैरसमज आहे.

हिशोब विक्रीच्या पट्टीवर, म्हणजे बिलावर, मांडून पाहा. भाडं-हमाली चाळीसही गोण्यांची कापली जाते, म्हणजे 2400. म्हणून समतुल्य राशी 40क − 2400. गोणी 500 रुपयांना गेली तर 40 × 440 म्हणजे 17,600 आणि 20,000 − 2400 म्हणजेही 17,600. चुकीची राशी 19,940 दाखवते. जास्तीचे 2340 रुपये कुठून आले? 39 गोण्यांची भाडं-हमाली कापायचीच राहिली!

क्रियांचा क्रम सांगणारं ‘कंचेभागुबेव’ पाठ असलेल्या मुलांची अडचण वेगळी. कंस आधी सोडवायचा, पण क − 60 तर सुटत नाही. मग गणित तिथंच थांबतं. क माहीत नसला तरी वितरणाच्या नियमानं, म्हणजे बाहेरचा आकडा कंसातल्या प्रत्येक पदाला गुणून, गुणाकार पुढे नेता येतो, आणि क्रियांचा क्रमही मोडत नाही. मात्र कंसात बेरीज किंवा वजाबाकीच हवी. 2(3 × 5) म्हणजे 30. दोन्हीकडे 2 लावला तर 60 होतात.

वितरणाचा नियम फक्त अक्षरांच्या गणितासाठी आहे, असंही अनेकांना वाटतं. भास्कराचार्यांच्या 1150 मधल्या ‘लीलावती’त 135 × 12 हे उदाहरण आहे. 12 चे 8 आणि 4 असे खंड करायचे: 1080 + 540 = 1620. याला खंडगुणन म्हणतात. तोंडी हिशोब करणारा माणूस आजही हेच करतो.

एक किंमत घालून उत्तर जुळलं की राशी समतुल्य, ही समजूत मात्र फसवी आहे. क = 2 असताना क² आणि 2क दोन्ही 4 येतात; क = 3 घेताच 9 आणि 6. समतुल्य राशी प्रत्येक किमतीला जुळायला हव्यात. न जुळणारी एक किंमत सापडली की दावा संपला. जुळणाऱ्या एक-दोन किमतींनी तो सिद्ध होत नाही, त्यासाठी नियमच लागतो.

उलट दिशेनं जाताना, म्हणजे सामाईक अवयव बाहेर काढताना, एकच उत्तर बरोबर असतं असंही नाही. 12क + 18 ही राशी 6(2क + 3) आहे, तशीच 3(4क + 6) आणि 2(6क + 9) सुद्धा. मोठ्यात मोठा सामाईक अवयव काढायला सांगितला असेल, तेव्हाच 6 हवा.