नवा कॉम्प्युटर सारखा बंद पडतो? दोष कोणाचा, हे आधी तपासा

गेल्या वर्षी आमच्या मुलीने बारावीनंतर ॲनिमेशनच्या कोर्सला प्रवेश घेतला. साध्या लॅपटॉपवर हे काम व्हायचे नाही, ग्राफिक्स कार्ड असलेला डेस्कटॉप लागेल, असे तिच्या शिक्षकांनी सांगितले. दुकानातला तयार कॉम्प्युटर आम्हाला परवडेना. तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा म्हणाला, “मामू, सुटे भाग मी आणतो आणि मीच जोडून देतो. तेवढ्याच पैशांत चांगला होईल.” तो मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेला, दिवसभर दुकाने फिरला आणि पुढच्या रविवारी आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून त्याने सगळे जोडून दिले. पैसे माझ्या पत्नीने भिशीतून उचललेले होते. भाच्याने मजुरी म्हणून चहा-बिर्याणीशिवाय काही घेतले नाही.

आठवडाभरातच कुरबुर सुरू झाली. मुलगी चित्र रेंडर करायला लावायची. सुरुवातीला काम झपाट्याने चालायचे आणि दोन-तीन मिनिटांत मंदावायचे. त्याहून वाईट म्हणजे काही वेळा पडदा एकदम काळा होऊन कॉम्प्युटर पटकन बंद व्हायचा. दोनदा तिचे रात्रीपर्यंत केलेले काम गेले. प्रोजेक्ट जमा करण्याची तारीख महिन्यावर आली होती. ती रडकुंडीला आली आणि माझा संयम सुटला. मी बहिणीला फोन लावला. “आपा, पोराने जुने भाग तर नाही ना घातले? दुकानदाराने गंडवले असेल, नाहीतर...” पुढे मी काही बोललो नाही, पण तिला कळायचे ते कळले. त्यानंतर भाचा आमच्याकडे फिरकला नाही.

हा घरगुती किस्सा सांगण्याचे कारण आहे. आता अनेक घरांत मुले स्वतः कॉम्प्युटर जोडतात. नवा कॉम्प्युटर बिघडला की आपण लगेच कोणाकडे तरी बोट दाखवतो. खरे तर बहुतेक वेळा भाग चांगले असतात. एखादी जोडणी, एखादे सेटिंग किंवा घरातली वीज नडत असते.

आधी वही, मग पेचकस

आमच्या शेजारी आयटीआयमध्ये शिकवणारे एक गृहस्थ राहतात. त्यांनी कॉम्प्युटरला हातही लावला नाही. मुलीला म्हणाले, “बेटा, मंद चालणे हा एक आजार आणि बंद पडणे हा दुसरा. दोन्हींना एकच औषध शोधू नकोस. एक वही घे. कधी झाले, तेव्हा काय चालू होते, आधी कसला आवाज आला का, एवढे पाच दिवस लिही. आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदल.”

ही शेवटची सूचना फार मोलाची आहे. आपण घाईत रॅम बदलतो, विंडोज पुन्हा टाकतो, केबलही बदलतो. मग सुधारणा झाली तरी कशाने झाली ते कळत नाही आणि आठ दिवसांनी तोच त्रास पुन्हा सुरू होतो.

मंद चालत असेल तर

पहिले एक-दोन दिवस थोडा धीर धरावा. नवे विंडोज मागच्या मागे अपडेट उतरवत असते, फाइलींची सूची तयार करत असते. डीडीआर-५ रॅम असलेला कॉम्प्युटर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो. त्या वेळी तो रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबून बंद करू नये. दोन दिवसांनंतरही वेग येत नसेल, तर पुढच्या गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. मॉनिटरची केबल : ग्राफिक्स कार्ड वेगळे घेतले असेल तर केबल त्या कार्डाच्याच खाचेत हवी. ती वरच्या बाजूला मदरबोर्डला लावली, तर हजारो रुपयांचे कार्ड नुसते बसून राहते.

२. विंडोज कुठे आहे : ते एसएसडीवर हवे. जुनी हार्ड डिस्कही सोबत जोडली असेल, तर चुकून विंडोज तिच्यावर टाकलेले असू शकते.

३. रॅम : चार खाचा असतील आणि रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर बहुतेक मदरबोर्डवर त्या प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे चित्रासह दिलेले असते. चुकीच्या खाचा निवडल्या तर दोन्ही पट्ट्या जोडीने काम करत नाहीत. शिवाय ३२०० वेगाची म्हणून घेतलेली रॅम सुरुवातीला २१३३ किंवा २४०० वरच चालू शकते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी उघडली की चालू वेग दिसतो. तो वाढवण्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो नावाचे सेटिंग असते. मात्र ते चालू केल्यावर कॉम्प्युटर अडखळू लागला, तर बंद करून पाहावे.

४. उष्णता : प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. ही मर्यादा अनेक प्रोसेसरमध्ये ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. ‘एचडब्ल्यूइन्फो’सारख्या मोफत प्रोग्राममध्ये तापमान दिसते. काम सुरू होताच ते शंभरीला भिडत असेल, तर कूलर नीट बसलेला नाही, असा पहिला संशय घ्यावा. काही कूलरच्या बुडाला प्लास्टिकची पातळ फिल्म असते, ती काढायची राहून जाते. काहींना चार कोपऱ्यांत दाबून बसवायच्या खुंट्या असतात; त्यांतली एक जरी सुटी राहिली तरी कूलर तिरका बसतो.

आमच्या वहीत लिहिलेले होते : ‘रेंडर सुरू, दोन मिनिटांनी मंद. सकाळ असो की रात्र, दर वेळी.’ तापमान पाहिले तर १०० अंश. आता कॅबिनेट उघडणे भाग होते आणि ते उघडायला योग्य माणूस एकच होता. मी बहिणीकडे गेलो आणि भाच्याला म्हणालो, “बाळा, मी नको ते बोललो. चल, एकदा बघ.” तो आला. पिन काढून, कूलरवर टॉर्च मारून त्याने पाहिले आणि लगेच म्हणाला, “मामू, ही चूक माझी. एक खुंटी लॉकच झालेली नाही. आणि रॅमही मी शेजारशेजारच्या खाचांत लावलीय.” कूलर काढल्यावर जुनी पेस्ट पुसून नवी थर्मल पेस्ट लावावीच लागते, ती त्याने लावली. रॅम पुस्तिकेप्रमाणे बसवली. त्याच कामात आता तापमान पंचाहत्तरच्या आसपास राहू लागले. मंदपणाचा आजार संपला.

अचानक बंद पडत असेल तर

संध्याकाळी मात्र कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. शेजारी म्हणाले होते तेच खरे. हा आजार वेगळा होता.

बंद पडण्याची तऱ्हा नीट पाहिली तर बरेच कळते. निळा पडदा येऊन इंग्रजीत काही संदेश दिसला, तर त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. त्यात मेमरीचा उल्लेख असेल तर रॅमपासून सुरुवात करावी. ‘व्हीया’ या अक्षरांनी सुरू होणारा संदेश सहसा हार्डवेअरकडे बोट दाखवतो. फक्त एखादा खेळ किंवा एकच प्रोग्राम बंद होत असेल, तर ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घेऊन पुन्हा टाकून पाहावा.

विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नावाची तारीखवार नोंदवही असते. कोणत्या दिवशी काय बिघडले, ते तिथे लाल खुणांनी दिसते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद पाहून अनेक जण एसएमपीएस बदलायला धावतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की कॉम्प्युटर रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. हा नुसता पंचनामा आहे. गुन्हेगाराचे नाव त्यात नसते.

रॅम तपासण्यासाठी विंडोजचीच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ चाचणी आहे. अधिक कसून पाहायचे तर ‘मेमटेस्ट८६’ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवावी. या चाचणीत एक जरी चूक निघाली तरी ‘चालायचेच’ म्हणू नये. एक्सएमपी बंद करून, मग एकेक पट्टी वेगळी लावून पुन्हा चाचणी घ्यावी, म्हणजे दोष पट्टीचा की खाचेचा ते कळते.

कोणताही संदेश न देता, भारी काम चालू असताना दिवा विझावा तसा कॉम्प्युटर विझत असेल, तर वीजपुरवठ्याकडे पाहावे. मदरबोर्डची मोठी २४ पिनांची केबल, प्रोसेसरजवळची आठ पिनांची आणि ग्राफिक्स कार्डची केबल शेवटपर्यंत दाबून बसवल्या आहेत का, हे पाहावे. दुसऱ्या एसएमपीएसची केबल, खाचेत बसते म्हणून, कधीही लावू नये. आतल्या तारांचा क्रम वेगळा असला तर भाग जळतात. एसएमपीएस स्वतः तर मुळीच उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठून राहते.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडावर चालवू नये. हा प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा घरातल्या माणसांच्या जिवाचा आहे.

वहीने जे दाखवले

आमच्या केबल सगळ्या पक्क्या होत्या. मग मुलीने वही उघडली. पाच दिवसांत कॉम्प्युटर सात वेळा बंद पडला होता आणि सातही वेळा संध्याकाळी सात ते रात्री दहाच्या दरम्यान. सकाळी, दुपारी एकदाही नाही. चार नोंदींपुढे तिने लिहिले होते : ‘आधी टक असा आवाज.’

तो आवाज यूपीएसचा होता. संध्याकाळी आमच्या भागात दाब कमी होतो, हे पंख्याच्या वेगावरूनही कळते. दाब उतरला की यूपीएस टक करून बॅटरीवर जायचा. तो होता ६०० व्हीएचा. अशा यूपीएसवर साधारण ३६० वॉटपर्यंतच भार चालतो. रेंडर चालू असताना प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर मिळून त्याहून जास्त वीज ओढत होते. त्यात बॅटरीही थकलेली. बॅटरीवर जाताच तो भार टाकून द्यायचा. खात्रीसाठी आम्ही दोन संध्याकाळी कॉम्प्युटर थेट भिंतीच्या चांगल्या अर्थिंगच्या सॉकेटला लावला. एकदाही बंद पडला नाही.

हा यूपीएस कोणी लावला होता? मी. जुन्या कॉम्प्युटरचा पडून होता, म्हणून. भाच्याने भाग आणण्याआधीच सांगितले होते, “मामू, यूपीएस मोठा घ्या.” मीच “आहे त्यात भागव” म्हणालो होतो. ज्या भाच्यावर मी जुने भाग घातल्याचा संशय घेतला, त्याने आणलेला एकेक भाग नवा होता. त्या टेबलावर जुनी वस्तू एकच होती आणि ती माझी होती.

भाग खरोखरच खराब असेल तर

दोष कधी कधी भागातही असतो. २०२४ मध्ये इंटेल कंपनीने स्वतःच मान्य केले की तिच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे बिघाड होत आहे. कंपनीने त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आणि ऑगस्ट २०२४ पासून सुधारणा दिली. ती बायोस अपडेटमधून मिळते. पण ही सुधारणा पुढचे नुकसान टाळते, आधीच बिघडलेला प्रोसेसर बरा करत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो. असा प्रोसेसर घरात असेल तर बायोस जरूर अपडेट करावे. मात्र अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, म्हणून ते भरवशाची वीज असताना किंवा चांगल्या यूपीएसवरच करावे.

सुटे भाग घेताना पक्के बिल घ्यावे आणि खोकी जपून ठेवावीत. वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी आणि त्या त्या कंपनीची असते. दुकानदाराकडे जाताना ‘तुम्ही फसवले’ म्हणण्यापेक्षा चाचणीचा फोटो आणि वही पुढे ठेवावी. ‘ही पट्टी दोन्ही खाचांत चुका दाखवते, दुसरी दाखवत नाही’ असे सांगितले, तर वाद घालायला जागाच उरत नाही.

आम्ही मोठा यूपीएस घेतला. मुलीचा प्रोजेक्ट तारखेच्या दोन दिवस आधी जमा झाला. बहिणीकडे मी पत्नीसह गेलो आणि यूपीएसची सगळी हकीकत सांगितली. आपा हसली आणि म्हणाली, “कॉम्प्युटर तपासायला पाच दिवस घेतलेस, माझ्या पोराला पाच मिनिटंही दिली नव्हतीस.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ती वही मात्र कॉम्प्युटरशेजारी अजून ठेवलेली आहे.