शंभराच्या आतली शाळा आणि रंगांची पेटी

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. शाळेला खोल्या किती असाव्यात, किती मुलांमागे किती शिक्षक असावेत, याचा हिशेब तीत मांडला आहे. हिशेबाची सवय असलेल्या वाचकाने त्यातील एक तरतूद अवश्य तपासावी. सहावी ते आठवीच्या वर्गांत मिळून शंभराहून अधिक मुले असतील, तर त्या शाळेस कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक मिळावेत, असे ती सांगते. पटसंख्या शंभराच्या आत असेल तर काय, याविषयी ती मौन पाळते. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी तर कलेच्या निदेशकाचा उल्लेखच नाही.

शहरातील पालकांना ही मर्यादा जाणवत नाही. शाळेत नसेल तर गल्लीत चित्रकलेचा खाजगी वर्ग असतो. डोंगराळ भागातील पाडे आणि वाड्या-वस्त्या यांची गोष्ट निराळी. तेथे दोन शिक्षक मिळून सर्व वर्ग सांभाळतात, पोषण आहाराच्या नोंदी ठेवतात आणि वरून येणाऱ्या प्रत्येक माहितीपत्रकाची पूर्तताही करतात. वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो. पण गणित मागे पडले की पहिला बळी त्याचाच जातो. यात शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे होईल.

या उणिवेची किंमत पुढे मोजावी लागते. राज्याच्या कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. इंटरमिजिएटमध्ये मिळालेल्या श्रेणीनुसार दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. स्मरणचित्रात खेड्यातील मूल मुळीच कमी पडत नाही; आठवडी बाजार, खळे, यात्रा त्याच्या डोळ्यांपुढे असतात. मात्र भूमिती आणि अक्षरलेखन कुणी हाताला धरून शिकवल्याखेरीज येत नाही. तालुक्याच्या बाजारपेठेतील वह्या-पुस्तकांच्या दुकानदाराला हे चित्र नेमके ठाऊक असते. ड्रॉइंग पेपर आणि पोस्टर कलरची मागणी कोणत्या गावांतून येते आणि कोणत्या गावांतून कधीच येत नाही, हे त्याला खातेवही न उघडता सांगता येईल.

खेड्यात कलाच नाही, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची हकीकत येथे आठवावी. बालपणीच आई गेली, त्या आघाताने मुलाची वाचा बंद झाली आणि तो मातीत रेघा ओढून बोलू लागला. वारली समाजात लग्नाचा चौक गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिण्याचा मान सुवासिनींचा. जिव्या मात्र लग्नाची वाट न पाहता रोज चितारत राहिले. 1970 नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार त्या पाड्यांवर पोहोचले. त्यांनी कागद दिला, रंग दिला आणि ती चित्रे बाहेरच्या जगापुढे नेली. 2011 मध्ये जिव्यांना पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते निवर्तले. आज वारली आकृत्या कुर्त्यांवर, चादरींवर, चहाच्या कपांवर छापल्या जातात आणि त्यांचा व्यापारही बरा चालतो. त्या व्यापाराच्या मुळाशी कोरा कागद घेऊन पाड्यावर चालत आलेला एक माणूस होता, हे विक्रेत्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

सिंधुदुर्गातील पिंगुळीचे उदाहरण याच्या जवळचे आहे. तेथील ठाकर समाजात चित्रकथीच्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. प्रेक्षक पांगले तेव्हा परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा कलावंताच्या गावालगतच्या शाळेत चित्रकलेचा तास रिकामा जावा, यासारखी विसंगती दुसरी नाही.

विचारांची वाण मात्र कधीच नव्हती. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद 1944 मध्ये दाखल झाले आणि खेड्यातील मुलांना त्यांनी अनेक वर्षे कला शिकवली. कला हाच शिक्षणाचा पाया, ही त्यांची धारणा होती. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही कलेला अभ्यासेतर मानण्याची रीत सोडावी असे म्हटले आहे. लहान शाळांचे संकुल करून कलाशिक्षक सामायिक ठेवावा आणि स्थानिक कलावंतांना शाळेत शिकवण्यास बोलवावे, या दोन्ही सूचना त्यात आहेत. कागदावर वाट मोकळी आहे. उरतो तो प्रवासखर्च आणि मानधन.

नेमके येथेच दात्यांचे लक्ष जावयास हवे. व्यापारी कुटुंबांनी खेड्यांतील शाळांना खोल्या, सभागृहे, पाण्याच्या टाक्या मुक्तहस्ताने दिल्या आहेत. इमारतीवर दात्याच्या नावाची पाटी लागते. शिक्षकाच्या मानधनावर ती लावता येत नाही, आणि म्हणूनच कदाचित त्या खात्यावर देणगी क्वचित जमा होते. रंगभरण स्पर्धांचा मोह तर आणखी मोठा. छापील चित्र, टोपी, प्रमाणपत्र, दात्यासमवेत छायाचित्र, आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती रंगसुद्धा उरत नाहीत. दुसऱ्याने आखलेल्या रेषेत रंग भरण्याची सवय लागलेले मूल कोऱ्या कागदापुढे बावरते, हा त्यातील वेगळाच तोटा.

त्याऐवजी साधी व्यवस्था शक्य आहे. आपल्याकडे शाळांची केंद्रवार रचना आहेच. एका केंद्रातील पाच लहान शाळा निवडाव्यात. कलाशिक्षक पदविका घेऊन घरी बसलेले तरुण-तरुणी तालुक्यात सापडतात. त्यांपैकी एकास आठवड्याचा एकेक दिवस एकेका शाळेला द्यावा. मानधन सलग तीन वर्षांचे ठरवावे, कारण एका वर्षात मुलाचा हात जेमतेम मोकळा होतो. महिन्यातून एकदा गावातील कुंभार, बुरूड, चित्रकथी किंवा वारली चित्रे काढणारी आजी यांना सन्मानपूर्वक बोलवावे आणि त्यांनाही मोबदला द्यावा. केवळ शाल-श्रीफळावर भागवू नये. साहित्य घाऊक भावाने मिळवणे व्यापाऱ्याला अवघड नाही. भारी रंगपेट्यांपेक्षा कोरा कागद भरपूर द्यावा. बाकी गेरू, कोळसा, हळद, काव गावातच मिळते.

प्रथम मुख्याध्यापकांशी बोलावे, मग शाळा व्यवस्थापन समितीची आणि शिक्षण विभागाची संमती घ्यावी. समितीत पालकच बहुसंख्य असतात, त्यामुळे मुलांच्या कलेला वेळ द्यावा की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे उघडपणे मांडता येतो. जूनमध्ये शाळा भरतात, वेळापत्रक त्याच आठवड्यात ठरते. शिक्षकाचे नाव आणि वार त्याआधी निश्चित झाले, तर चित्रकलेचा तास गणिताकडे जाण्यापूर्वीच भरलेला असेल.