विश्लेषण : १०८ येईपर्यंत काय करायचे? न्हावा शेवातील शाळकरी मुलांना हे शिकवणे गरजेचे का?

दिवस-रात्र धावणारे कंटेनर ट्रेलर, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी, पावसाळ्यात घराच्या पडवीपर्यंत येणारे साप. न्हावा शेवा बंदराच्या आसपासच्या गावांतील मुले या साऱ्यातून रोज शाळेत जातात. अपघात वा दंश झाला की पहिल्यांदा जवळ असतो तो अनेकदा सोबतचा मित्र, बहीण किंवा वर्गातील एखादी मुलगी. डॉक्टर नंतर भेटतो. या मधल्या काही मिनिटांत काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हे या मुलांना कितपत माहीत असते?

न्हावा शेवातच हा प्रश्न अधिक गंभीर का?

जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. २०२४-२५ या आर्थिक वर्षात बंदराने सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापात मोजली जाणारी मालहाताळणी केली. यातला मोठा हिस्सा ट्रेलरवर लादून रस्त्यानेच ये-जा करतो. करळ फाटा, दास्तान फाटा, जासई, गव्हाण फाटा ही नावे उरण तालुक्यात थांब्यांपेक्षा कोंडी आणि अपघातांसाठी जास्त घेतली जातात. रस्त्याकडेला अंधारात उभे केलेले ट्रेलर दुचाकीस्वारांसाठी वेगळीच डोकेदुखी आहेत. त्यात बंदरातील तेल आणि रसायनांचे टँकरही याच रस्त्यांवर असतात.

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल एकाच दिवशी सुरू झाली. मुंबई जवळ आली, पण गंभीर जखमीला आजही बहुतेक वेळा पनवेल किंवा नवी मुंबईकडे हलवावे लागते. उरणमध्ये शंभर खाटांचे शासकीय रुग्णालय व्हावे ही मागणी कित्येक वर्षांची आहे. रुग्णालय व्हायलाच हवे. मात्र ते झाले तरी हृदय बंद पडलेल्या माणसाच्या मेंदूला रक्ताविना चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते, हे बदलणार नाही. तेवढ्या वेळात कोणतीही रुग्णवाहिका कोंडीतून पोहोचेल याची खात्री नाही.

रस्त्यावर जखमी दिसल्यास मुलांनी काय करावे?

पहिली गोष्ट, धावत रस्त्यात शिरू नये. भरलेला ट्रेलर ब्रेक दाबल्यावर लगेच थांबत नाही आणि वळणाऱ्या ट्रेलरच्या डाव्या बाजूला असलेले माणूस चालकाला बऱ्याचदा दिसतच नाही. आधी मोठ्यांना हाक मारून वाहतूक थांबवून घ्यावी. टँकर उलटला असेल तर जवळ जाऊच नये. वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूला, लांब जावे. मोबाइलवर चित्रीकरण करण्यासाठी जमलेल्या गर्दीतच वायुगळतीचा धोका सर्वाधिक असतो, पण हे गर्दीला कोण सांगणार? डोळ्यांत वा अंगावर रसायन उडाल्यास स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुणे हाच पहिला उपचार आहे.

दुसरी गोष्ट फोनची. १०८ किंवा ११२ वर फोन लावला की ‘लवकर या’ एवढेच ओरडून फोन ठेवला जातो. त्याऐवजी जवळचा फाटा, पूल, कंटेनर यार्डाचे नाव, रस्त्याची कोणती बाजू, किती जखमी, ते शुद्धीवर आहेत का, हे सांगावे आणि समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नये. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे सहज जमते. अट एकच, त्याच्याकडून ते एकदा तरी म्हणवून घेतलेले असावे.

तिसरी गोष्ट रक्तस्रावाची. भळभळ रक्त येत असेल तर रुमाल, ओढणी, शर्ट, जे स्वच्छ हाती लागेल ते जखमेवर ठेवून तळहाताने जोरात दाबून धरावे. शक्य असल्यास हातावर प्लास्टिकची पिशवी चढवावी. थांबले का हे पाहण्यासाठी कापड सारखे उचलू नये, कारण जमू लागलेली गुठळी त्याने सुटते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. जखमेत काच वा सळई रुतली असेल तर ती उपसू नये, तिच्या दोन्ही बाजूंनी दाब द्यावा. हात-पाय धरून जखमीला रिक्षात कोंबणे ही आपल्याकडची सर्वात प्रेमळ आणि सर्वात घातक सवय आहे. मानेला वा मणक्याला मार असल्यास अशा ओढाताणीत कायमचे अपंगत्व येऊ शकते. आग किंवा वाहनांचा धोका नसेल तर त्याला आहे तिथेच ठेवावे. पाणी पाजू नये.

पोलिसांच्या चौकशीची भीती खरी का?

अनेक घरांत मुलांना आजही ‘लांब राहा, लफड्यात पडू नको’ असेच बजावले जाते. ही भीती जुन्या अनुभवांतून आलेली आहे, पण कायदा बदलला आहे. जखमीला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केंद्राने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी कायद्याचे बळ दिले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. सद्हेतूने मदत करताना चूक झाली तरी मदतकर्त्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याला नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. ही माहिती मुलांइतकीच पालकांनाही देण्याची गरज आहे.

साप चावल्यावर सर्वाधिक चुका कुठे होतात?

बांधण्यात, कापण्यात आणि वेळ घालवण्यात. दोरीने करकचून बांधलेल्या हाता-पायाचा रक्तपुरवठा तुटतो आणि विषाइतकेच नुकसान त्या गाठीने होते. ब्लेडने चिरणे आणि तोंडाने विष ओढणे हे चित्रपटांतले उपचार आहेत. चावलेला हात वा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीला किंवा पुठ्ठ्याला सैल बांधून स्थिर ठेवावा, अंगठी, जोडवी, पैंजण आधीच काढावेत, रुग्णाला चालवू नये आणि सर्पविषावरील लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात थेट न्यावे. साप मारून पिशवीत नेण्याची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार प्रमुख विषारी सापांवर एकच लस चालते.

मण्यारीबद्दल मुलांना मुद्दाम सांगायला हवे. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश फारसा दुखत नाही, काही वेळा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते. ‘रात्री काहीतरी खाल्ले असेल’ म्हणून सोडा पाजला जातो आणि मोलाचे तास जातात. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले. रायगड जिल्ह्याला या विषयात स्वतःचा इतिहास आहे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी ठरते हे दाखवून दिले. त्यांचे काम ‘लॅन्सेट’पर्यंत पोहोचले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध सापडल्याने मृत्यू घटले, पण ते लागू पडायचे तर रुग्ण मांत्रिकाकडे न जाता वेळेत दवाखान्यात यावा लागतो. हा अर्धा भाग डॉक्टरच्या हातात नसतो.

कुत्रा चावला हे मुले का लपवतात?

ओरडा बसेल आणि इंजेक्शन घ्यावे लागेल म्हणून. ‘नुसते ओरखडले’, ‘पिल्लूच होते’, ‘शेजारचे पाळलेले आहे’ ही कारणे ठरलेली. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचण्याची शक्यता जवळजवळ नसतेच. त्यामुळे इथे प्रथमोपचार म्हणजे जीवच आहे. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. घड्याळ लावून पाहिले तर पंधरा मिनिटे किती मोठी असतात ते कळते. बहुतेक जण अर्ध्या मिनिटात थांबतात. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी लस सुरू करावी आणि सगळे डोस पूर्ण करावेत. शिक्षकांनी वर्गात एवढे सांगितले तरी पुरे : चावले तर सांगा, कोणी रागावणार नाही.

शाळकरी मुले सीपीआर देऊ शकतात का?

देऊ शकतात. ‘किड्स सेव्ह लाइव्ह्ज’ या जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पाठिंबा दिलेल्या निवेदनानुसार बाराव्या वर्षापासून वर्षाला दोन तासांचे प्रशिक्षण पुरेसे आहे. माणूस हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वासही घेत नाही, तर १०८ ला फोन लावून तो स्पीकरवर ठेवावा. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून, कोपर न वाकवता, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावे. लहान चणीच्या मुलाला तेवढा जोर लागत नाही आणि दोन मिनिटांत दमायला होते. म्हणून दोघा-तिघांनी आलटून पालटून करायचे असते. मोठ्यांना ‘इथे असे दाबा’ एवढे सांगता आले तरी ते मूल उपयोगी पडते.

खाडीकाठच्या गावांसाठी एक फरक आहे. बुडालेल्याला आधी हवा हवी असते, त्यामुळे प्रशिक्षित व्यक्तीने सुरुवात तोंडाने श्वास देण्यापासून करावी. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. बुडणाऱ्याला वाचवायला पोहता येणाऱ्या मित्रानेही उडी मारू नये, कारण घाबरलेला माणूस गळ्यालाच मिठी मारतो. दोरी, बांबू, घट्ट झाकण लावलेला रिकामा कॅन, काहीही फेकावे.

घरातले छोटे उपचारही तपासून घेण्यासारखे आहेत. भाजल्यावर टूथपेस्ट किंवा शाई न लावता वीस मिनिटे वाहते थंड पाणी घ्यावे, बर्फही नको. फिट आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, झटके थांबल्यावर कुशीवर वळवावे आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवावी. घोळणा फुटल्यावर मान मागे टाकायची नसते. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरायचा असतो.

आजार टाळण्याच्या बाबतीत बंदराचा काय संबंध?

बंदरे आणि डास यांचे नाते जुने आहे. एशियन टायगर हा डास १९८५ मध्ये अमेरिकेत ह्युस्टन येथे स्थिरावलेला आढळला. तो आशियातून जहाजाने आलेल्या जुन्या टायरांमधल्या पाण्यातून गेला होता. म्हणूनच आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत बंदराच्या सुविधांभोवती किमान ४०० मीटर परिसरात डासांसारख्या रोगवाहकांवर नियंत्रण ठेवण्याची तरतूद आहे. पण चारशे मीटरपलीकडे ट्रेलरचे टायर दुरुस्त करणाऱ्या टपऱ्या, गॅरेज, अंगणातले ड्रम आहेत. डेंग्यूचा डास अंड्यातून पूर्ण वाढायला साधारण आठ-दहा दिवस घेतो. आठवड्यातून एकदा भांडी-टायर कोरडे केले तर त्याचा जन्मच होत नाही. हे गणित आठवीच्या मुलांना चांगले पटते, शिवाय अंगणात अळ्या शोधायला त्यांना आवडते. पावसात तुंबलेल्या पाण्यातून जखमेच्या पायाने चालल्यावर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. ताप आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर पाण्यातून चालल्याचे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

आणि एक आजार कोणत्याही अपघाताविना वर्गात बसलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयी आढळले. त्यासाठी शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी बऱ्याच जणी खिडकीबाहेर टाकतात, कारण उपाशीपोटी घेतल्यावर मळमळते आणि शौचाचा रंग काळा होतो. जेवल्यावर घ्या, रंगाची काळजी करू नका, लगेच चहा नको, हे सांगायला मिनिटभरही लागत नाही.

हे सगळे अभ्यासक्रमात नाही का?

आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये ‘सामाजिक आरोग्य’ आणि ‘आपत्ती व्यवस्थापन’ हे धडे आहेत, प्रथमोपचारही त्यात आहेत. मात्र ते पुस्तकातले शेवटचे दोन धडे आहेत. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा समोर असताना हे धडे कसे उरकले जात असतील, ते सांगायला नको. २०२० मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेत एक पुरुष आणि एक महिला शिक्षक आरोग्यदूत म्हणून नेमण्याची, आठवड्याला एक तास देण्याची योजना आहे. त्याच्या अकरा विषयांत इजा टाळण्याचा विषयही आहे. वयात येतानाच्या शंकांसाठी राज्यात शासकीय रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. तिथे मुले एकटीही जाऊ शकतात, हे फार थोड्यांना माहीत असते.

उणीव आहे ती हाताने करून पाहण्याची. पेटीतील चार वस्तूंची नावे लिहून गुण मिळतात, पण पेटी उघडलेली नसते. डेन्मार्कने २००५ पासून शाळांत पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण सक्तीचे केले, वाहन परवान्यासाठीही ते लावले. तिथे रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांना आसपासच्यांनी सीपीआर देण्याचे प्रमाण २००१ मधील सुमारे २१ टक्क्यांवरून २०१० मध्ये सुमारे ४५ टक्क्यांवर गेले. इंग्लंडच्या शाळांत प्रथमोपचार २०२० पासून सक्तीचे आहेत. आपल्याकडे रेडक्रॉस आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्स या संस्था असे वर्ग घेतात, एनसीसी आणि स्काऊट-गाइडमध्येही ते शिकवले जाते. सरावाला महाग पुतळा नसेल तर घट्ट भरलेली उशी चालते, रक्तस्रावासाठी जुनी ओढणी आणि लाल रंगाचे पाणी. उरणच्या एखाद्या शाळेने हे करायचे ठरवले तर दोन तास आणि एक मोकळा वर्ग पुरतो. तिथे मुलांना सर्वात आधी विचारण्याजोगा प्रश्न असा : आत्ता इथे कोणी पडले, तर १०८ ला या जागेचा पत्ता कसा सांगाल?